सेवाग्रामच्या प्रार्थनेची लय, पट्टी आणि भाव

पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना दोन-तीन मिनिटांची असली, तरी तिच्या स्वरलिपीच्या पहिल्या ओळीपाशीच संगीतकार बहुतेक वेळा तीन गोष्टी नोंदवून ठेवतो. रचना किती वेगाने वाजवायची, कोणत्या स्वराला आधार मानून वाजवायची आणि कोणत्या भावाने वाजवायची, हे त्या खुणांवरून वादकांना कळते, आणि वाद्यवृंद कोणत्याही देशातला असला तरी त्याच्या हातून साधारण तीच रचना उमटते. भारतीय परंपरेत अशी नोंद वेगळ्या रीतीने होते. गांधींच्या आश्रमांत वापरल्या जाणाऱ्या ‘आश्रम भजनावली’त भजनांच्या माथ्यावर राग आणि ताल दिलेले आढळतात. रागावरून स्वर कळतात आणि भावाचीही दिशा समजते, तालावरून आवर्तनातील मात्रा कळतात. परंतु त्या मात्रा किती जलद मोजायच्या, म्हणजे लय कोणती, आणि गाणाऱ्याने आपला षड्ज कोणत्या उंचीवर धरायचा, म्हणजे पट्टी कोणती, हे छापील पानावर नसते. मैफलीत या दोन्ही गोष्टी गायक आपल्या गळ्याप्रमाणे ठरवतो, म्हणून त्यांची नोंद नसल्याने काही अडत नाही. जेथे गाणे न शिकलेली शेकडो माणसे एकत्र गातात, तेथे मात्र लय आणि पट्टी कोणी तरी विचारपूर्वक ठरवावी लागते. वर्धा जिल्ह्यात १९३३ नंतरच्या दीड दशकात ती कशी ठरत गेली, हा भारतीय सामूहिक संगीताच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग आहे, आणि आश्रमाच्या राजकीय इतिहासापुढे तो बराचसा झाकला गेला आहे.

या संगीताचे मूळ वर्ध्यात नव्हे, तर दक्षिण महाराष्ट्रातील एका गायकाच्या कार्यात आहे. कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला आणि पुढे १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय चालू केले. दरबाराच्या आणि घराण्याच्या चौकटीतून गाणे बाहेर काढून ते सभ्य कुटुंबांत, शाळांत आणि सभांत नेणे हा त्यांचा ध्यास होता. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते ‘वंदे मातरम्’ गात असत, आणि १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी आक्षेप घेतल्यावरही त्यांनी गाणे थांबवले नव्हते. भक्तिपदांतील शृंगाराचा अंश वगळून त्यांना रागदारीचा आधार देणे, पण त्या आधाराचे ओझे गाणाऱ्यावर पडू न देणे, ही त्यांची पद्धत होती. साबरमतीच्या सत्याग्रह आश्रमासाठी गांधींनी संगीतशिक्षक मागितला, तेव्हा पलुसकरांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. खरे १९१८ मध्ये आश्रमात दाखल झाले आणि पुढील वीस वर्षे आश्रमीयांच्या गळ्यांवर त्यांनी जे संस्कार केले, त्यांचे संकलित रूप म्हणजे ‘आश्रम भजनावली’ होय. तिच्यात संस्कृत श्लोकांसह गुजराती, हिंदी, मराठी, बंगाली अशी अनेक भाषांतील पदे आहेत, आणि गांधींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात मीराबेनसाठी त्यांतील अनेकांचे इंग्रजी भाषांतर केले, यावरून तिचे आश्रमजीवनातील स्थान कळते.

खऱ्यांच्या कामाची खरी कसोटी १९३० च्या दांडीयात्रेत लागली. १२ मार्च ते ६ एप्रिल या काळात साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चाललेल्या त्या तुकडीत खरे स्वतः होते, आणि पलुसकरांच्या चालीतील रामधून, म्हणजे समूहाने म्हणायचा रामनामाचा जप, त्या वाटचालीशी कायमची जोडली गेली. ही चाल सामान्यतः मिश्र गारा रागातील मानली जाते. गारा हा खमाज थाटातील, म्हणजे ज्या स्वरसंचात निषाद हा सातवा स्वर कोमल, म्हणजे किंचित उतरलेला, असतो त्या कुटुंबातील राग आहे, आणि मूळ रागाच्या शिस्तीत इतर स्वरांना जागा दिली की त्याला मिश्र म्हणतात. चालीचा विस्तार एका सप्तकाच्या आसपास राहतो, ओळी लहान आहेत, आणि एकाने म्हटलेली ओळ सर्वांनी परत म्हणायची असल्यामुळे शब्द पाठ नसलेला मनुष्यही दुसऱ्या फेरीत गाऊ लागतो. ताल आठ मात्रांचा आहे. चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याला अर्थ आहे, कारण आठ मात्रांच्या आवर्तनात पावले सम संख्येत बसतात आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, दर वेळी तेच पाऊल पडते. सात मात्रांच्या रूपकात एका आवर्तनाला उजवे आणि दुसऱ्याला डावे पाऊल समेवर येईल आणि चालणाऱ्यांच्या रांगेत गोंधळ होईल. रामधुनेची मध्यलय, म्हणजे विलंबितापेक्षा जलद आणि द्रुतापेक्षा संथ अशी गती, माणसाच्या सहज चालीशी जुळते हे तिच्या प्रसाराचे एक मोठे कारण मानले पाहिजे.

दांडीयात्रेनंतर स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचे नाही, असे गांधींनी ठरवले होते. जुलै १९३३ मध्ये त्यांनी तो आश्रम विसर्जित केला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये ते जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे वर्ध्यास आले. वर्धा या संगीताला सर्वस्वी परके नव्हते, कारण १९२१ पासून विनोबा भावे तेथील आश्रम चालवत होते. पुढे वर्ध्यातीलच मगनवाडीत काही काळ राहून ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी शेगाव या खेड्यात गेले, आणि १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. या स्थलांतरामुळे प्रार्थनेचे शब्द फारसे बदलले नाहीत, परंतु तिची परिस्थिती बदलली. सेवाग्रामची प्रार्थना उघड्या मैदानावर होत असे आणि आजही होते. भिंती आणि छप्पर नसल्यामुळे आवाज परतून येत नाही, आपल्याच शेजारच्या माणसाचे गाणे तेवढे नीट ऐकू येते, आणि म्हणून लांबच्या रांगा मागे पडू लागतात. पहाटे घसा बसलेला असतो आणि उन्हाळ्यात तर विदर्भाच्या कोरड्या हवेने तो लवकर सुकतो. अशा जागी तान, मींड किंवा लांबवलेला स्वर टिकत नाही; टिकतो तो स्पष्ट उच्चार, समान अंतरावर पडणारा आघात आणि मध्यम पट्टी. आश्रमसंगीतात जो साधेपणा दिसतो तो केवळ व्रतस्थतेचा परिणाम नसून मोकळ्या जागेतील गायनाची ती गरजही होती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे मूल्यमापन पुरे होत नाही.

वर्ध्यातच या प्रार्थनेत एक असा घटक आला, ज्याचे मूळ भारतीय संगीतात नव्हते. जपानमधील निप्पोनझान म्योहोजी या बौद्ध संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी हे ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ध्यास येऊन गांधींना भेटले, आणि त्यानंतर त्यांच्या परंपरेतील भिक्षू वर्धा-सेवाग्राम परिसरात राहू लागले. हातात मूठ धरून वाजवायचे, पंख्याच्या आकाराचे सपाट चामडी वाद्य, त्यावर पडणारे सारख्या अंतरावरचे ठोके आणि त्या ठोक्यांसह उच्चारलेला सात अक्षरांचा मंत्र, हे त्यांचे नित्यकर्म होते. या वादनात तालाचे आवर्तन नसते, सम किंवा खाली, म्हणजे आवर्तनातील टाळीविना मोजायची मात्रा, असा भेद नसतो; केवळ एकसारखी लय असते. गांधींनी हा मंत्र प्रार्थनेच्या आरंभी घेतला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने युद्धात उडी घेतल्यावर ब्रिटिश सरकारने सेवाग्रामातील जपानी भिक्षूला अटक करून नेले, आणि तरीही गांधींनी तो मंत्र प्रार्थनेतून काढला नाही. ज्या राष्ट्राशी सरकारचे युद्ध चालू आहे त्या राष्ट्रातून आलेला जप रोज उघड्यावर म्हणत राहणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. संगीताच्या बाजूने पाहिले तर या ठोक्यांनी प्रार्थनेला एक प्रारंभबिंदू दिला. विखुरलेली माणसे येऊन बसतात, त्यांचे श्वास वेगवेगळे असतात, आणि गाणे सुरू होण्याआधी त्या सर्वांना एका गतीत आणण्याचे काम हा आघात करतो.

सायंप्रार्थनेचा गाभा मात्र साबरमतीपासूनचाच राहिला आणि तो म्हणजे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५४ ते ७२ हे स्थितप्रज्ञाच्या लक्षणांचे एकोणीस श्लोक. त्यांपैकी सत्तराव्या श्लोकाचा अपवाद वगळता सर्व श्लोक अनुष्टुभात, म्हणजे प्रत्येकी आठ अक्षरांच्या चार चरणांच्या छंदात आहेत. अनुष्टुभ म्हणताना आठ अक्षरांनंतर सहज विसावा येतो, आणि हा विसावा साधारण एका श्वासाच्या लांबीचा असल्यामुळे शेकडो माणसे एकाच ठिकाणी श्वास घेतात. सत्तरावा श्लोक त्रिष्टुभ जातीचा, म्हणजे अकरा अक्षरांच्या चरणांचा, आहे. तेथे चाल बदलावी लागते, आणि समुद्राच्या दृष्टान्ताचा तो श्लोक बाकीच्या पठणातून आपोआप वर उठतो. कोणी संगीतकाराने मुद्दाम योजावा असा हा पालट मूळ ग्रंथातच होता, आणि रोजच्या सामूहिक पठणामुळे तो कानांना जाणवू लागला. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात रचलेल्या ‘गीताई’चा विचारही याच संदर्भात करायला हवा. ती समश्लोकी आहे, म्हणजे मूळ श्लोकाला मराठी श्लोक अशी तिची रचना आहे, त्यामुळे गीता ज्या चालीने म्हटली जाते त्याच चालीने संस्कृत न जाणणाऱ्या माणसालाही ती म्हणता येते. अर्थ पोचवण्यासाठी गद्य भाषांतर पुरले असते. विनोबांनी छंद सांभाळला, कारण त्यांना ती सर्वांच्या मुखी जायला हवी होती. एकादश व्रतांची नावेही विनोबांनी श्लोकांत गुंफली आणि ती प्रार्थनेचा भाग झाली, तेव्हा नियमांची यादीसुद्धा लयीत आली.

प्रार्थनेत पुढे आणखी भर पडत गेली. रैहाना तय्यबजी यांच्यामुळे कुराणातील आयती आल्या, आणि १९४२ ते १९४४ या काळात पुण्याच्या आगाखान राजवाड्यातील स्थानबद्धतेत डॉ. गिल्डर यांच्याकडून घेतलेली अवेस्तातील प्रार्थना आली. उपनिषदातील मंत्र, अरबी पठण, अवेस्ताची भाषा आणि जपानी जप यांच्या चाली एका कुळातल्या नाहीत, त्यांचे षड्ज वेगळे आणि त्यांपैकी कित्येकांना तालही नाही. तरीही हे तुकडे एकमेकांपासून तुटल्यासारखे वाटत नाहीत, याचे कारण त्यांच्या क्रमात आहे. आरंभीचा जप झाला की काही क्षण स्तब्धता असते, त्यानंतर तालाविना म्हटले जाणारे मंत्र आणि श्लोक येतात, मग रागतालात बांधलेले भजन येते आणि भजनाच्या पाठोपाठ टाळ्यांच्या साथीने रामधून येते. मुक्त लयीकडून बद्ध लयीकडे आणि एकट्याच्या आवाजाकडून सर्वांच्या आवाजाकडे जाणारा हा प्रवास हिंदुस्थानी मैफलीतील आलाप, विलंबित आणि द्रुत या क्रमाशी आंतरिक नाते सांगतो, आणि तो ज्या मंडळींनी घडवला त्यांच्यावर पलुसकर परंपरेचा संस्कार होता हे पाहता हे नाते योगायोगाचे मानण्याचे कारण नाही. धुनेच्या टाळ्यांबाबत गांधी विशेष दक्ष असत. अखेरच्या वर्षांत देशभरच्या प्रार्थनासभांत हजारो लोक जमत, तेव्हा टाळी तालात पडली पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, कारण त्यांच्या दृष्टीने तालात वाजलेली टाळी ही जमावाच्या शिस्तीची खूण होती.

पट्टीचा प्रश्न लयीपेक्षा अवघड होता. पुरुषाचा सहज षड्ज पेटीच्या काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास असतो, तर स्त्रीचा षड्ज त्याहून चार-पाच स्वर वर, काळी चार-पाचच्या भागात असतो; त्यामुळे स्त्रीपुरुष एकाच वेळी गाऊ लागले की कोणाला तरी गैरसोईचे होते. देवळातील भजनात हा प्रश्न फारसा येत नसे, कारण तेथे भजनी मंडळे बहुधा पुरुषांची असत. आश्रमात स्त्रिया, पुरुष आणि मुले एकत्र गात. भजनाचा विस्तार जितका कमी, तितकी मधली पट्टी काढणे सोपे, आणि सप्तकाच्या मध्यभागी फिरणाऱ्या चाली आश्रमात अधिक रुजल्या त्याचे हेही एक कारण आहे. नरसी मेहतांच्या प्रसिद्ध भजनाची खमाज रागातील चाल याच जातीची आहे. खमाज हा रागच असा आहे की तो शास्त्रीय मैफलीत ठुमरीला आणि गावच्या मंदिरात भजनाला सारखाच चालतो, त्याचा कोमल निषाद कानाला किंचित ओलावा देतो आणि शुद्ध गंधार प्रसन्नता देतो. आश्रमसंगीताचा एकंदर भाव या दोन स्वरांच्या मध्ये कोठेतरी आहे, असे म्हणता येईल.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नव्या शिक्षणाची योजना तयार केली, जी पुढे ‘वर्धा योजना’ किंवा ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. तिच्यात सूतकताई आणि शेती यांना असलेल्या महत्त्वामुळे एक गोष्ट अनेकदा नजरेआड होते, ती ही की संगीत हा त्या अभ्यासक्रमाचा भाग होता, आणि मुलाच्या अंगी उपजत असलेल्या लयबोधाला वळण लावणे व समूहाने गाता येणे ही त्यामागील अपेक्षा होती. सेवाग्रामला हे शिक्षण उभे करणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी हे दोघेही शांतिनिकेतनातून आलेले होते, त्यामुळे पलुसकर परंपरेच्या जोडीला रवींद्रनाथांच्या शिक्षणविचाराचा प्रवाह या खेड्यात आला. ज्या हरिपुरा अधिवेशनाने फेब्रुवारी १९३८ मध्ये या योजनेला मान्यता दिली, तेथेच त्याच महिन्यात नारायण मोरेश्वर खरे यांचे निधन झाले. शेवटपर्यंत ते अधिवेशनासाठीच्या संगीताच्या कामात होते.

आश्रमाबाहेरच्या वर्धा जिल्ह्यात मात्र लय खंजिरीची होती. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेले तुकडोजी महाराज १९३६ मध्ये गांधींच्या निमंत्रणावरून सेवाग्रामला येऊन सुमारे महिनाभर राहिले. खंजिरी म्हणजे एका बाजूने चामडे मढवलेले आणि कडेला लहान झांजा बसवलेले लाकडी कडे. तिचा आवाज तीक्ष्ण, तिची लय चढती आणि तिच्या साथीने म्हटलेले भजन उभारी देणारे. आश्रमातील एकतारीच्या आणि टाळीच्या संयत प्रार्थनेच्या तुलनेत हे संगीत अधिक उष्ण होते, आणि या परिसराच्या राजकीय इतिहासात त्याचा परिणामही तसाच दिसतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे आणि त्याच दिवशी चिमूर येथे जे उठाव झाले, त्यांमागे तुकडोजींच्या भजनांनी जागवलेले वातावरण होते, आणि सरकारने त्यांना त्याच महिन्यात अटक करून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. पुढे त्यांनी गुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारे गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली, तिच्यात सेवाग्रामच्या सर्वधर्मी प्रार्थनेचा संस्कार आणि वैदर्भीय भजनाचा जोम हे दोन्ही एकत्र आढळतात. संख्येने पाहिले तर विदर्भातील खेड्यांत आश्रम भजनावलीपेक्षा हीच परंपरा खोल गेली, आणि सेवाग्रामच्या संगीताचा इतिहास लिहिताना तिला परिशिष्टात टाकणे अन्यायाचे होईल.

स्वातंत्र्यानंतर समूहाच्या गाण्याची गती, स्वर आणि भाव कोणते असावेत हाच प्रश्न एका मिनिटाच्या वाद्यवृंदरचनेच्या रूपात साऱ्या राष्ट्रापुढे आला. राष्ट्रगीत म्हणून कोणते गीत घ्यावे, या वादाची एक बाजू शब्दांची आणि धर्माची होती, आणि तिचा वर्ध्याशी जवळचा संबंध होता: १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने ‘वंदे मातरम्’ची पहिली दोन कडवीच म्हणावीत असे ठरवले होते, वर्धा ज्यात होते त्या मध्य प्रांतातील शाळांमधील त्याच्या गायनाविरुद्ध मुस्लिम लीगच्या तक्रारी होत्या, आणि गांधींनी १९३९ मध्ये ‘हरिजन’मधून मिश्र सभेत कोणाचा विरोध असल्यास ते गीत म्हणण्याचा आग्रह धरू नये असा सल्ला दिला होता. वादाची दुसरी बाजू शुद्ध संगीताची होती. आळंदी येथे १८९८ मध्ये जन्मलेले आणि भास्करबुवा बखल्यांचे शिष्य असलेले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटी रागात बांधले होते. झिंझोटी हा पुन्हा खमाज थाटातलाच, म्हणजे स्वरसंचाने रामधुनेचा सोयरा. कृष्णरावांनी समूहाला गाता येईल आणि लष्करी बँडला वाजवता येईल अशा गतीत त्याची रचना करून स्वरलिपी तयार केली आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांपुढे तिचे प्रात्यक्षिकही केले.

मार्च १९४८ मध्ये गांधींच्या हत्येनंतर पुढची दिशा ठरवण्यासाठी सेवाग्रामला जे संमेलन भरले, त्याला जवाहरलाल नेहरू आणि राजेंद्रप्रसाद दोघेही आले होते. त्याच वर्षी २५ ऑगस्टला नेहरूंनी संविधान सभेच्या विधिमंडळात राष्ट्रगीताविषयी निवेदन केले. संयुक्त राष्ट्रांच्या १९४७ च्या न्यूयॉर्क येथील आमसभेच्या वेळी भारताचे राष्ट्रगीत मागण्यात आले, तेव्हा ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका तेथील वाद्यवृंदाला दिली गेली आणि ते वादन परदेशी श्रोत्यांना आवडले, हे त्यांनी सांगितले. राष्ट्रगीतात शब्दांपेक्षा चाल महत्त्वाची, तिच्यात प्रतिष्ठेबरोबर चैतन्य हवे आणि लहानमोठ्या वाद्यवृंदांना व लष्करी बँडला ती सहज वाजवता यावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘वंदे मातरम्’चा स्वातंत्र्यलढ्याशी असलेला संबंध गौरवूनही त्याची चाल त्यांना आर्त आणि पुनरावृत्तीची वाटली. थोडक्यात, पंतप्रधानांनी संविधान सभेत एका लहानशा रचनेची गती, तिचे स्वर आणि तिचा भाव यांची मीमांसा केली.

या मीमांसेत तथ्य होते, परंतु ते अपुरे होते. ‘जन गण मन’ची चाल मुख्यतः शुद्ध स्वरांची, बिलावल थाटातील आहे, आणि बिलावलचे स्वर पाश्चात्त्य मेजर सप्तकाशी जुळतात. त्यामुळे एकाच वेळी अनेक स्वर वाजवून भरीवपणा आणण्याची वाद्यवृंदाची पद्धत, म्हणजे स्वरसंगती, त्या चालीला विनासायास लागू पडते, आणि इंग्लंडमधील संगीतकार हर्बर्ट मुरिल यांनी केलेल्या वाद्यवृंदरचनेत हे स्पष्ट ऐकू येते. झिंझोटीतील कोमल निषाद त्या पद्धतीत बसवायला अधिक कौशल्य लागते, पण तो बसत नाही असे नाही. आर्तता हा दोष म्हणून गणला गेला तो बँडच्या कवायतीला सरावलेल्या कानाने. ज्या लोकांनी गारा आणि खमाजातील धून म्हणत शेकडो किलोमीटर वाटचाल केली होती, त्यांच्या कानाला ती आर्तता आणि पावलांचा जोम यांत विरोध दिसत नव्हता. मास्टर कृष्णरावांचे म्हणणे हेच होते की चालीला गती देता येते आणि गतीबरोबर भावही पालटतो, आणि संगीतशास्त्राच्या दृष्टीने त्यांची बाजू खरी होती. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेचे अध्यक्ष या नात्याने राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान असे निवेदन केले. हे राजेंद्रप्रसाद वर्ध्याला दीर्घकाळ मुक्काम करून राहिलेले आणि तेथील प्रार्थना जवळून जाणणारे होते. राष्ट्रगीताच्या पूर्ण वादनासाठी सुमारे ५२ सेकंदांची मर्यादा सरकारने घालून दिली, आणि पलुसकर-खरे परंपरेने जे काम सवयीवर सोडले होते ते येथे नियमाने केले गेले.

वर्ध्यात त्या सवयीच्या खुणा आजही आहेत. सेवाग्रामला पहाटे आणि सायंकाळी प्रार्थना होते, पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात १९५९ पासून भगिनींचे सामूहिक पठण चालू आहे, आणि गोपुरीत १९८० मध्ये उभ्या राहिलेल्या, शिळांवर सारी ‘गीताई’ कोरलेल्या गीताई मंदिराशेजारी फुजी गुरुजींच्या संकल्पातून १९९३ मध्ये विश्वशांती स्तूप बांधला गेला आहे. शब्द छापलेले आहेत, शिळांवर कोरलेलेही आहेत. लय आणि पट्टी मात्र अजूनही म्हणणाऱ्यांच्या गळ्यातच आहेत, आणि ध्वनिवर्धकाच्या व मुद्रित भजनांच्या काळात त्या नकळत बदलणे अगदी शक्य आहे. वर्धा जिल्ह्यातील आश्रमांनी, भजनी मंडळांनी आणि तेथील विद्यापीठाने मिळून, ज्येष्ठ साधक अजून गात आहेत तोवर, प्रत्येक श्लोकाची, भजनाची आणि धुनेची गती, षड्ज आणि चाल तपशिलाने ध्वनिमुद्रित करून स्वरलिपीत नोंदवावी.